मुंगीचं वजन

४ फेब्रुवारी

‘याला औषध नाही. घरी न्या आणि जवळ बसा.’

सतरा वर्षांपूर्वी जनावरांच्या एका डॉक्टरने मला हे सांगितलं होतं. हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून. तेव्हाचा बोका नऊ दिवस जगला. मी जवळ बसले. दुसरं काय करणार होते?

आज त्याच आजाराचं नाव पुन्हा ऐकलं – एफआयपी. मुंगीचं पोट आठवडाभर फुगलेलं. मी वेडी म्हणत होते, खायला लागली बरं का! डॉक्टरीणबाईंनी सुईने पोटातलं थोडं पाणी काढून उजेडात धरलं. पिवळं, चिकट. तार सुटत होती.

पण यांनी पाठ केली नाही. स्टूल ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, ‘आता औषध आहे. चौऱ्याऐंशी दिवस. एकही चुकवायचा नाही.’

मला रडू आलं. मुंगीसाठी की त्या जुन्या बोक्यासाठी, ते कळलं नाही.

५ फेब्रुवारी – दिवस १

समजलं ते लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात बसेल.

बऱ्याच मांजरांच्या आतड्यात एक साधा व्हायरस असतो. जुलाब होतात, थांबतात, कुणाला पत्ताही लागत नाही. एखाद्या अभागी मांजराच्या अंगात तो रूप पालटतो आणि रक्तातल्या रखवालदार पेशींतच शिरतो. म्हणजे चोर पोलिसांच्याच गाडीत बसून गावभर हिंडतो. औषध त्या चोराला मारत नाही. व्हायरस स्वतःच्या नकला काढत असतो, मणी ओवावेत तशा. औषध त्यात एक खोटा मणी सरकवतं. तो ओवला की पुढची माळच होत नाही. पण हा खोटा मणी सतत हाताशी हवा – म्हणून रोज, ठरल्या वेळी, आणि वजनाच्या हिशेबात.

‘कमी डोस म्हणजे व्हायरसला शिकवणी,’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोडं थोडं औषध मिळालं, तर तो त्याच्यासमोर टिकायला शिकतो. वजन वाढलं की डोस वाढवायचा. दर रविवारी वजन कळवायचं.

गोळ्या दवाखान्यामागच्या गल्लीतले केमिस्ट काका स्वतः बनवतात, प्रत्येक मांजराच्या वजनाप्रमाणे. साठीचे असतील. अबोल. काचेच्या पेटीत एक नाजूक काटा आहे, तिच्यासमोर ते श्वाससुद्धा जपून घेतात. मी म्हटलं, दोन किलोच्या आसपास असेल. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘आसपास म्हणजे किती?’

घरी येऊन न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभी राहिले. मी एकसष्ट किलो. मुंगीला घेऊन त्रेसष्ट किलो शंभर ग्रॅम. म्हणजे मुंगी दोन किलो शंभर. काट्याशेजारच्या फरशीवर पेन्सिलीने ‘६१’ लिहून ठेवलं. दर वेळी दोनदा चढायला नको – तेवढ्यात मुंगी पळते.

६ फेब्रुवारी – दिवस २

गोळी दोनदा थुंकली. तिसऱ्यांदा माझ्या बोटासकट घेतली.

९ फेब्रुवारी – दिवस ५

ताप उतरला! सकाळी उठले तर मुंगी बाबांच्या खुर्चीत. बाबा शेजारी जमिनीवर बसून पेपर वाचत होते. मी विचारलं, तुम्ही खाली का? म्हणाले, ‘त्या बसल्यात ना.’

हे तेच बाबा, जे म्हणायचे की घरात मांजर आलं तर मी जाईन.

१५ फेब्रुवारी – दिवस ११

रविवार. मुंगीला घेऊन काट्यावर चढले. त्रेसष्ट किलो तीनशे. वजा एकसष्ट – दोन किलो तीनशे. दोनशे ग्रॅम वाढली! डॉक्टरीणबाईंना कळवलं, केमिस्ट काकांनी नव्या वजनाच्या गोळ्या केल्या. डबीवर त्यांचं टपोरं अक्षर – ‘मुंगी. २.३००’.

चष्म्याच्या दुकानात आज तीन चष्म्यांची भिंगं कापली. भिंगाचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यावा लागतो. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. बावीस वर्षांत एक चष्मा परत आलेला नाही. हाताला सवय आहे मोजमापाची. हे उपचार पार पाडायला मी योग्य बाई आहे, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१ मार्च – दिवस २५

पोट सपाट. डॉक्टरीणबाई घरी येऊन रक्त घेऊन गेल्या – दवाखान्यात नेलं की मुंगी दोन दिवस खात नाही, म्हणून त्याच येतात. संध्याकाळी फोन करून आकडे सुधारलेत म्हणाल्या. वजन मात्र जिथल्या तिथे, दोन किलो तीनशे. ‘आणखी वाढायला हवं होतं,’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, आजारात सगळी ताकद लढण्यातच जाते.

बाबा तिला मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, ‘ही दोन किलो? माझ्या मांडीला मुंग्या आल्या हिच्या वजनाने.’ मी म्हटलं, बाबा, तुमच्या मांड्यांचं वय झालं. ते म्हणाले, ‘काट्याचंही होत असेल.’

काटा मागच्या वर्षी घेतलेला आहे.

१४ मार्च – दिवस ३८

केमिस्ट काकांकडे एक मुलगी भेटली. मुलगी कसली, तिशीची बाई. पोस्टात काउंटरवर असते. टोपलीत चार महिन्यांचं पांढरं पिल्लू, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. नाव पंत. छातीत पाणी झालंय. आज पहिला दिवस. ती गोळ्यांची डबी पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. मी सगळं सांगितलं – गोळी कशी लपवायची, ताप कधी उतरतो, पाचवा दिवस कसा जादूचा असतो. ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?’

मी म्हटलं, नाही गं, चष्मे बनवते.

‘मग पंतला करून द्या एक. अर्धा तसा तयारच आहे.’

डोळ्यांत पाणी आणि विनोद करते. मला ती फार आवडली. फोन नंबर घेतला-दिला. केमिस्ट काकासुद्धा हसले. त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

१९ मार्च – दिवस ४३

पोस्टातलीचा फोन. पंतचा ताप गेला. बरोबर पाचव्या दिवशी संध्याकाळपासून उतरायला लागला! ‘ताई, तुमच्या तोंडात साखर.’ दिवसभर हलकं वाटलं.

२२ मार्च – दिवस ४६

वजन पुन्हा दोन किलो तीनशे. दोन आठवड्यांची नवी डबी आणली. चौदा गोळ्या.

२४ मार्च – दिवस ४८

मुंगी खिडकीत बसली होती. ऊन तोंडावर. उन्हात मांजराच्या बाहुल्या दोन रेघा होतात. उजवी रेघ झाली. डावी झाली नाही. गोलच राहिली.

बावीस वर्षं मी डोळे बघते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. टॉर्च घेऊन जवळ गेले. डाव्या डोळ्याचा हिरवा रंग मातकट झालाय. आत धूर भरल्यासारखा.

बाबांना सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तेव्हा आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

२५ मार्च – दिवस ४९

डॉक्टरीणबाई सकाळीच आल्या. डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून मान हलवली. आजार डोळ्यात शिरलाय. डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत औषध पोचायला अवघड, म्हणून तिथे शिरला की मात्रा खूपच वाढवावी लागते. आजपासून एकाऐवजी दोन गोळ्या. मोजणी पुन्हा एकपासून.

त्यांनी माझी वही मागितली. प्रत्येक दिवसाची वेळ, गोळी, वजन – सगळं लिहिलेलं. पान न् पान पाहिलं. म्हणाल्या, ‘तुमच्याकडून तर काही चुकलेलं दिसत नाही.’ मग वही मिटून, ‘औषधातच दम नसेल.’ मुंगीला उचलून खाली ठेवताना म्हणाल्या, ‘हाताला तर बरी लागते.’ मी म्हटलं, केस आहेत नुसते.

दुसऱ्या ठिकाणाहून तयार गोळ्या मागवते म्हणाल्या. सहा दिवस लागतील. तोवर आहेत त्याच द्यायच्या, थांबवायच्या नाहीत. इतर मांजरवाल्यांनाही तेच सांगणार आहेत.

दम नसेल. हे दोन शब्द दिवसभर डोक्यात घोळतायत. माझी अठ्ठेचाळीस दिवसांची मेहनत, आणि औषधातच दम नाही!

२६ मार्च – पुन्हा दिवस २

दुकानात जायच्या आधी केमिस्ट काकांकडे गेले. चार माणसं उभी होती. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, ‘तुमच्यामुळे माझी मांजर आंधळी होतेय.’

काकांनी हात पुढे केला. मी डबी दिली. काचेच्या पेटीचं दार उघडून एकेक गोळी काट्यावर ठेवली. प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत थांबले. सगळ्या सारख्या. केसाचाही फरक नाही. मग कच्च्या औषधाची नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

मी वही उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, ‘वजन बरोबर असेल हो. आत काय आहे ते कोण सांगणार?’

मागे उभी असलेली एक बाई आपली चिठ्ठी परत घेऊन निघून गेली. ते त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं.

काकांनी गोळ्या डबीत भरल्या. झाकण नीट बसलं का बघून डबी मला दिली. म्हणाले, ‘आजपासून मी मांजरांचं औषध बनवत नाही. कुणासाठीच.’

बाहेर येऊन पोस्टातलीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती घाबरून गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला चालू ठेवायला सांगितलंय. मी म्हटलं, माझं ऐक, कमी औषध म्हणजे व्हायरसला शिकवणी. त्यापेक्षा चार-पाच दिवस काहीच नको देऊस, नव्या गोळ्या आल्या की कोरी सुरुवात कर.

‘तुम्ही देताय का?’

मी दुप्पट देतेय, मी म्हटलं. मुंगी मोठी आहे. तुझा पंत एवढासा.

‘बरं ताई,’ म्हणाली.

२८ मार्च – दिवस ४

नव्या गोळ्यांना आणखी आठवडा लागणार. वाटेत कुठेतरी अडकल्यात.

पोस्टातलीचा फोन आला. पंत बरा आहे, पण जरा कमी खेळतो. आता आणखी आठवडाभर काहीच द्यायचं नाही का? मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचार. ‘त्या रागावतील, मी परस्पर बंद केल्या म्हणून. तुम्हीच सांगा ना.’

मी म्हटलं, खोट्यापेक्षा नसलेलं बरं.

किती सहज म्हटलं. भिंगाला फडकं मारता मारता.

२९ मार्च – दिवस ५

रविवार.

मुंगीला घेऊन काट्यावर चढले. आकडा आला – त्रेसष्ट किलो तीनशे. तोच. दर रविवारचा तोच. तेवढ्यात बाबांनी बाहेर खुर्ची ओढली, मुंगी दचकली आणि माझ्या हातातून उडी मारून गेली. मी काट्यावर तशीच उभी राहिले. आकडा खाली आला आणि थांबला.

एकोणसाठ किलो नऊशे.

फरशीवर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं – ‘६१’.

मी उतरले. पुन्हा चढले. एकोणसाठ नऊशे. पुन्हा चढले.

गेल्या आठ आठवड्यांत मी वाळलेय. जेवण जात नव्हतं, कपडे सैल होत होते, दुकानात सगळे म्हणत होते. जेवढी मी उतरत गेले तेवढी ती चढत गेली, आणि दोघींची बेरीज तीच राहिली. मुंगी तीन किलो चारशे आहे. तिला मी दोन किलो तीनशेच्या मापाचं औषध देत राहिले. गोळ्यांत दम होता. पुरेपूर होता. व्हायरसला शिकवणी मीच दिली.

बावीस वर्षांत एक चष्मा परत आलेला नाही!

डॉक्टरीणबाईंना लगेच फोन केला. त्यांनी सगळे आकडे पुन्हा सांगायला लावले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, ‘मीही हातात उचलली होती तिला. मलाही कळायला हवं होतं.’ नवा हिशेब करून दिला – दोनही पुरत नाहीत, रोजच्या तीन गोळ्या हव्यात. डबीत एक उरलीय. या आजारात औषधाला खंड पडला तर डोळ्याचं सोडाच, पुढे मेंदू. हे त्यांनी सांगितलं नाही. मला आता ठाऊक आहे. मी वाचते ना फार!

पोस्टातलीला फोन केला. उचलला नाही. निरोप लिहिला – ‘काकांच्या गोळ्या चांगल्या आहेत. पंतला ताबडतोब सुरू कर. भेटल्यावर सांगते.’ का चांगल्या आहेत, ते लिहिलं नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं.

दुपारी तिचं उत्तर – ‘सकाळपासून उभा राहत नाहीये. दिली एक. तोंडातच राहिली.’

मी तिला दवाखान्यात पळ म्हणून कळवलं. डॉक्टरीणबाईंनाही कळवलं – तिने गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या, तेही. त्या फक्त ‘अरे देवा’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

३० मार्च – दिवस ६

सकाळी केमिस्ट काकांकडे गेले. आजही माणसं होती. मुद्दाम त्यांच्यासमोरच बोलले – चूक माझी होती, काका. वजन माझं कमी झालं होतं. तुमच्या गोळ्या खऱ्या होत्या. माफ करा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. एका गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली दिली. मग म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत.’

मी म्हटलं, मग मुंगीसाठी...

‘ते सामान मी कालच परत पाठवलं,’ ते म्हणाले. ‘असतं तरी आता हात धजावला नसता. एका माणसाने एकदा असं म्हटलं की मग प्रत्येक गोळीत ते ऐकू येतं.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी काउंटरला धरून उभी राहिले. त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

घरी आले तर मुंगी पाण्याच्या भांड्याला अडखळली. बाबांनी भांडं दोन बोटं उजवीकडे सरकवलं. ‘डावीकडून दिसत नाही तिला,’ म्हणाले. कधी कळलं, विचारलं नाही. त्यांना केव्हाच कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चार ठिकाणी विचारलं. कुठेच तयार नाही. आठवडा.

३१ मार्च

पंत काल दुपारी गेला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, ऑक्सिजनच्या नळीशी.

पोस्टातलीने सकाळी कळवलं. खाली लिहिलं होतं – ‘ताई, तुम्ही फार केलंत माझ्यासाठी.’

पोस्टातून सारखी रजा मिळत नाही म्हणून तिने दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम करून घेतल्या होत्या; तिच्याकडे त्यातल्या पन्नासच्या वर उरल्यात. काकांनी केलेल्या, शेवटच्या. मापाने लहान आहेत, पण रोज सहा-सात मिळून मुंगीची मात्रा होते, आणि आठवडा निघतो. काहीच न सांगता मागितल्या, तर ती आत्ता डबी घेऊन धावत येईल. मला ओळखते ती. म्हणजे मला ओळखत नाही.

म्हणून आधी सांगणार. फरशीवरचा आकडा, फोनवरचं माझं ‘खोट्यापेक्षा नसलेलं बरं’, सगळं. तिच्या दारात उभी राहून, ती आत बोलवायच्या आधी. त्यानंतर ती दार लावेल. लावावंच. लावायच्या आत तेवढं एक विचारणार आहे –

पंतच्या उरलेल्या गोळ्या मला देशील का?